रिंग पडली, पण गोष्ट कुठं आहे?

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. पुरणाचं जेवण अंगावर आलं होतं अन् मी अंगणात बाज टाकून आडवा पडलो होतो. पावणेआठचा सुमार असेल. आभाळातून जळते दिवे एका रांगेत चालले, आवाज नाही काही नाही, अन् इतके हळू की तारा तुटला म्हणावं तर कोणता तारा असा आरामात तुटतो. शेजारचा पोरगा ओरडला, "काका, मिसाईल!" त्याची आजी म्हणे पाडव्याच्या दिवशी आभाळ फाटलं, वर्ष काही चांगलं जात नाही. दहा मिनिटात व्हाट्सअपवर एलियन बी येऊन गेले. अन् मग सासुरवाडीहून फोन आला. माझी सासुरवाडी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबुवा, लाडबोरीत वरतून लोखंडाची रिंग पडली म्हनतेत. तुमी तसल्याच गोष्टीचे पुस्तकं वाचता ना, मंग सांगा काय आहे ते?"

आता माझी खरी पंचाईत. तीस वर्षांचा विज्ञानकथेचा शौक, अन् पहिल्यांदा कोणीतरी त्यासाठी मला फोन केला होता, अन् मला तेव्हा काहीच सांगता आलं नाही.

पुढं कळलं ते सगळ्यांनीच वाचलं. दोन-तीन मीटरची धातूची रिंग, जवळपासच्या गावांत सापडलेले गोळे, अन् जाणकारांचा अंदाज असा की चीननं वर्षभराआधी उडवलेल्या रॉकेटचा उरलेला भाग खाली येताना हवेत जळाला अन् जे जळालं नाही ते इथं पडलं. रिंग पोलीस ठाण्यात जाऊन बसली, लोकांनी फोटो काढले, झालं. नशिबानं कोणाला लागलं नाही.

मला मात्र ती रात्र अजून सोडत नाही, कारण त्या रात्री गावात ज्या गोष्टी निघाल्या त्या मी मोजल्या होत्या. तीनच होत्या. मिसाईल, अपशकुन अन् एलियन. मिसाईल टीव्हीवरच्या बातम्यांनी शिकवलेलं, तिथं रोज रात्री युद्धच सुरू असते. अपशकुन मालिकांनी शिकवलेला, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी. एलियन सिनेमातून आले. अन् जी गोष्ट खरी होती, की वरती माणसांचाच भंगार माल फिरून राहिला अन् तो कधीमधी कोणाच्या तरी गावावर पडतो, ती कोणाच्याच डोक्यात नव्हती. काही अचानक झालं की माणूस नवीन विचार करत नाही हो, डोक्यातल्या कपाटात जी गोष्ट आधीच ठेवलेली आहे तीच काढतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की त्या कपाटात काय ठेवायचं हा करमणुकीपुरता प्रश्न नाही, सार्वजनिक प्रश्न आहे, रस्त्याचा अन् पाण्याचा असतो तसा. अन् गावाच्या कपाटात विज्ञानकथा ठेवायची आपण राहूनच गेलो.

हे मी पानठेल्यावर बोललो तर आमच्याकडचे एक रिटायर गुरुजी म्हणाले, "अरे आधी पोटाचं पाय, कापसाला भाव नाही अन् तू कायले रॉकेट घेऊन बसला?" मी म्हटलं गुरुजी, पोटाचंच पाहून राहिलो. तुम्हाला वाटते विज्ञानकथा म्हणजे अमेरिका, चंदेरी कपडे अन् बटण दाबलं की उघडणारे दरवाजे. मला वाटते आपण तिच्यातच राहतो, अन् भाडं बी भरतो.

आमच्या घरचंच सांगतो. आई सत्तरीची आहे, आयुष्यभर कापूस वेचला, बोंडाची टोकं बोटांत घुसून घुसून कातडं असं झालं की रेघा नावालाच उरल्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावते, मशीन नाही म्हणते. मग ती हात धुते, पदराला पुसते, बोट केसांवरून फिरवते म्हणजे थोडं तेल लागावं, परत लावते. नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. मागे लाईन. मागच्या वर्षी ती चिडून दुकानदाराला म्हणे, "अवो बाप्पा, मीच आहे ना, तू मले वळखत नाही काय?" तो म्हणे, "काकू, मी वळखतो, मशीन नाही वळखत." दोघं एकाच गल्लीतले, त्याच्या बारशाला आईनं बाळंतविडा नेलेला, अन् मधात बसलेल्या डब्यानं ठरवायचं की ही बाई हीच बाई आहे का नाही. कोणत्याही देशातल्या विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा प्रसंग द्या, तो पहिल्या पानावर टाकेल. आपल्याकडं हा प्रसंग 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' इतक्यावर संपतो, त्याची गोष्ट होतच नाही.

अन् गोष्ट झाली की काय फरक पडते, तर निदान आईला इतकं तरी कळलं असतं की चूक तिच्या बोटाची नाही. ती अजून म्हणते "माहेच बोटं खराब." हे मला लय लागते.

टीव्हीचं घ्या. आमच्या गावात जितक्या छत्र्या आहेत, म्हणजे डिशच्या, त्या सगळ्या दक्षिणेकडं जराशा पूर्वेला तोंड करून उभ्या आहेत. कौलावरची असो, स्लॅबवरची असो, घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसोत, छत्र्या मात्र एकाच दिशेनं पाहतात. कारण तिकडं विषुववृत्तावर साधारण 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरते, म्हणून आपल्याला ते जागचं हलत नाही असं वाटते. अन् या उंचीवर तीन उपग्रह ठेवले तर सगळ्या जगाला प्रक्षेपण करता येईल हे 1945 साली एका मासिकात मांडणारा माणूस कोण, तर आर्थर सी. क्लार्क, विज्ञानकथा लिहिणारा! 1975-76 मध्ये नासाचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन इस्रोनं सहा राज्यांतल्या 2,400 गावांत शेतीचे अन् शाळेचे कार्यक्रम दाखवले, तेव्हा श्रीलंकेत राहणाऱ्या या क्लार्कच्या घरावर बी इस्रोच्या लोकांनी एक छत्री बसवून दिली होती. त्या सहा राज्यांत आपला महाराष्ट्र नव्हता, ते जाऊ द्या. माझं म्हणणं इतकंच की खेड्यातला टीव्ही हा विज्ञानकथेच्या घरातून निघालेला पाव्हणा आहे.

अन् तो पाव्हणा आता दाखवते काय? मराठी मालिकेतलं गाव पाहा. वाडा, सरपंच, पाटलीणबाई, नथ, विहिरीवर कारस्थान. भाषा कोल्हापूरकडची नाहीतर कोणत्याच गावची नाही अशी. विदर्भातला माणूस आलाच तर विनोदापुरता, "काऊन बे" म्हणून निघून जायला. गावात फोन असतात पण फक्त ऐन वेळी रेंज जायला. सोयाबीनवर ड्रोननं फवारणी होते, वीज कुठं पडणार याचा इशारा दामिनी नावाच्या ॲपवर येते अन् वावरातली बाई तो वाचून झाडाखालून बाजूला होते, हे मालिकेतल्या गावाला माहीतच नाही. शहरात बसून लिहिणाऱ्याला गाव म्हणजे भूतकाळ वाटते. सुट्टीत जायची जागा. भविष्य फक्त पुण्यात अन् बंगलोरात होते असा काहीतरी समज आहे. उलट माझं निरीक्षण असं की नवीन गोष्टीचा पहिला झटका गावालाच बसते अन् समजावून सांगायला तिथं सगळ्यात शेवटी कोणी येते, बहुतेक वेळा येतच नाही.

पुस्तकांचं थोडं वेगळं आहे, अन् तिथं माझी तक्रार आपल्याच माणसांशी आहे. आमच्या गावात ड वर्गाचं वाचनालय आहे, दोन कपाटं, एक सतरंजी, पेपर. लहानपणी मला तिथं पहिली विज्ञानकथा सापडली ती शेळीपालन अन् गोबर गॅसच्या पुस्तकांच्या मधात. नावात विज्ञान आहे म्हणून विज्ञानाच्या खणात. कथा-कादंबरीचं कपाट वेगळं, त्याला गर्दी, अन् इकडं कोणी फिरकत नसे. रजिस्टरमध्ये त्या पुस्तकापुढं चार वर्षांत फक्त माझीच सही होती, ग्रंथपाल काका म्हणत तूच घेऊन जा बाबा घरी, इथं वाळवी तरी खाईल. त्याच सुमारास दूरदर्शनवर एक अंतराळवीराची हिंदी मालिका लागायची, दर भागात ऐन वेळेला लाईन जायची, मग पुढचं काय झालं ते आम्ही पोरं आपसात ठरवायचो. आता वाटते ते लोडशेडिंगच माझं लेखनाचं शिबीर होतं.

जयंत विष्णू नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नावाकडं पाहून बक्षीस देऊ नये. पहिलं बक्षीस आलंच. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ, अन् त्याला वाटलं आपण आपल्या भाषेत गोष्ट लिहावी, हे केवढं मोठं काम आहे. 20 मे 2025 ला ते गेले तेव्हा मी वावरात होतो, फोनवर वाचलं, अन् धुऱ्यावर बसून राहिलो थोडा वेळ. पण त्यांच्यामागून आलेली बरीचशी मराठी विज्ञानकथा, माझ्या वाचनात जितकी आली तितकी, प्रयोगशाळेतून बाहेरच पडत नाही. शास्त्रज्ञाचा बंगला, त्याचा हुशार सहायक, अन् गोष्ट रंगात आली की प्राध्यापक चष्मा काढून दोन पानं समजावून सांगतात. शिकवायची इतकी घाई की गोष्ट मागे राहते. गावातला माणूस त्यात आलाच तर शोध पाहून तोंडात बोट घालायला.

अन् आपल्याकडं गोष्ट रचायची ताकद नव्हती असं थोडंच आहे. बुलडाण्यातलं लोणार पाहा. काळ्या दगडात उल्का आदळून झालेला पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यासाचा खड्डा, खारं पाणी. आपल्या जुन्या लोकांसमोर हा एवढा गोल खड्डा होता अन् उल्का माहीत नव्हती, मग त्यांनी लवणासुराची गोष्ट रचली, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं अन् खाली लपलेल्या राक्षसाला मारलं. खारं पाणी काऊन, गोल काऊन, एवढं खोल काऊन, सगळ्याचं उत्तर त्या गोष्टीत आहे. चुकीचं आहे, पण त्यांनी काम तरी केलं! अन् जून 2020 मध्ये त्याच लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आपण काय केलं, तर फोटो फॉरवर्ड केले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं रंग आला, ती बातमी मात्र फॉरवर्ड झाली नाही. म्हणजे जुनी गोष्ट सुटली अन् नवीन आलीच नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा विज्ञानकथा वाचणारा मोठा शहाणा दिसते. तर आता माझं ऐका.

2002 मध्ये बीटी कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचा जीन पऱ्हाटीत घातला, अळीनं पान-बोंड खाल्लं की अळीच मरते. यापेक्षा मोठी विज्ञानकथा विदर्भाच्या वावरात कधी आली नाही. पाकिटात 450 ग्रॅम बियाणं अन् सोबत 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी, नॉन-बीटीची. ती वावराच्या कडेनं लावायची. कशाला, तर थोड्या साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे विषानं न मरणारी एखादी अळी निघालीच तर तिची सोयरीक तिच्यासारखीशी न होता साध्या पतंगाशी होते, अन् तिच्या अंगातली ती ताकद पुढच्या पिढीत पातळ होते. शत्रूला मुद्दाम थोडं जेवू घालायचं, म्हणजे त्याचं घराणं मजबूत होत नाही. केवढी भारी कल्पना आहे राजेहो! अन् मला ती माहीत होती. उत्क्रांतीवर मी पुस्तकं वाचली होती, पोरांना सांगत होतो. अन् तरी ती पुडी मी धुऱ्यावर फेकली. एक वर्ष नाही, सात-आठ वर्षं. कारण शेजारचा लावत नव्हता, त्याच्या शेजारचा लावत नव्हता, अन् माझ्या तीन एकरात चार ओळी अळीला द्यायच्या हे जिवावर यायचं. वरून फरदड ठेवायचा मोह होता तो वेगळाच, उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी, अळीला बारा महिने घर.

2017 मध्ये डोमकळ्या दिसायला लागल्या. फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहते, ते उकललं की आत गुलाबी अळी, बीटीच्या विषाला न मरणारी. बोंड बाहेरून एकदम चांगलं दिसे, हातानं फोडलं की आत कवडी, म्हणजे किडका कापूस. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. त्याच्यावर मला इथं जास्त लिहिवत नाही.

तर विज्ञानकथा वाचून मी काही शहाणा झालो नाही. हा माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे अन् तो मीच घेतो. पण त्याच्यावर मी लय विचार केला अन् मला असं दिसलं की गोष्ट मला एकट्याला माहीत होती हेच चुकलं. नॉन-बीटीची पुडी एकट्यानं लावून चालतच नाही, पतंग काही सातबारा पाहून उडत नाही, ते सगळ्या शिवाराचं काम आहे. अन् सगळ्या शिवाराला जी गोष्ट माहीत पाहिजे ती एका माणसानं कंदिलाखाली वाचून होत नाही. पुडीवर बारीक अक्षरात सूचना होती, ती सूचनाच राहिली. मग अलीकडं काय केलं, तर साधं बी बीटीच्या पाकिटातच मिसळून द्यायला सुरुवात झाली, म्हणजे शेतकऱ्याला फेकताच येऊ नये. इलाज म्हणून ठीक असेल. पण पाहा ना, वीस वर्षांत आम्हाला ती गोष्ट सांगायला जमलं नाही म्हणून शेवटी न विचारता मिसळून टाकलं, लहान पोराला गुळात गोळी देतात तसं.

म्हणून वाचनालयात अजून पुस्तकं पाठवा असं म्हणून मी थांबत नाही. पाठवा, अन् गोबर गॅसजवळून काढून कथेच्या कपाटात ठेवा, हे दहा मिनिटांचं काम आहे. टीव्हीवाल्यांकडून मला आशा नाही. माझी आशा भलतीकडंच आहे, झाडीपट्टीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होते. वडसा हे त्याचं मुख्य ठिकाण, तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. कुठं शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, कुठं मंडई म्हणजे गावची जत्रा, अन् रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. तिकीट काढून लोक येतात, थंडीत घोंगडं घेऊन, कडेवर लेकरू घेऊन, शेजारच्या गावचे पाव्हणे मुद्दाम त्या दिवशी येतात. टीव्ही आला, मोबाईल आला, ते नाटक मेलं नाही. सासुरवाडीला मी दर वर्षी पाहतो. बहीण, भाऊ, दारू, सावकार, जमीन, रडू अन् हसू, मधात गाणं. अन् पुऱ्या गावानं एकाच रात्री एकत्र बसून पाहिलेली गोष्ट असल्यामुळं दुसऱ्या दिवशी धान चुरताना तिच्यावरच बोलणं. मला जे पाहिजे ते हेच. अन् रिंग पडली ती बी याच झाडीपट्टीत! तिच्यावर नाटक झालेलं माझ्या पाहण्यात तरी आलं नाही.

लोक हसतील, झाडीपट्टीत काय विज्ञाननाटक चालते. मला वाटते चालेल, फक्त त्यात प्राध्यापक नको, चष्मा नको. मी तर गेल्या मंडईला सासऱ्यांना गोष्टच सांगून टाकली. ते तरुणपणी नाटकात काम करायचे, स्त्रीपार्ट बी केलेला. म्हटलं मामाजी, समजा ती रिंग रिकाम्या जागेत न पडता एखाद्याच्या उभ्या धानात पडली, बांधी गेली, बैल मेला. आता नुकसानभरपाई कोणाकडं मागायची? तर 1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्या देशानं वस्तू वर सोडली त्या देशानं जमिनीवरच्या नुकसानीचे पैसे द्यायचे. 1978 मध्ये सोव्हिएत रशियाचा उपग्रह कॅनडात पडला, आत अणुभट्टी होती, कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले अन् शेवटी तीस लाख मिळाले. म्हणजे आपल्या तलाठ्यानं पंचनामा करायचा अन् तो जायचा कुठं, तर तहसील, कलेक्टर, मुंबई, दिल्ली, बीजिंग. अन् तिकडून उत्तर येते की बैलाचा दाखला जोडा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा. इकडं पोरीचं लग्न अडून बसलं. सावकार म्हणते रिंग मला दे, भंगारात विकतो. पोलीस म्हणते हात लावू नको, मुद्देमाल आहे.

सासरे लय वेळ काही बोलले नाहीत. खर्रा थुंकून आले. मग म्हणाले, "बैल मेल्यावर बाईचं एक गानं पायजे, नाई तं लोक उठून जातेत." म्हटलं टाकू. "अन् तलाठी मी करतो. पन तो चीनचा माणूस स्टेजवर आनू नोको."

म्हटलं, काऊन?

"आपल्याकडं कधी आला हाय का कोनी? त्याचं नुसतं कागदच येऊ द्या."